श्प्रिंगर्ले: ओमाच्या साच्यातली बडीशेपी बिस्किटं

श्प्रिंगर्लेला पाय फुटावे लागतात. ओव्हनमध्ये गेल्यावर पाच-सात मिनिटांत बिस्किट तळापासून सरळ वर उचललं जातं. वरचं चित्र जसंच्या तसं, पांढरंशुभ्र राहतं आणि खाली चारी बाजूंनी फिकट सोनेरी, जाळीदार कड येते. या कडेला इथल्या बोलीत ‘फ्यूस्ले’ म्हणतात, म्हणजे पिटुकले पाय. पाय फुटले तर बाई सुगरण. नाही फुटले तर शेजारणी तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त एकच उचलतात आणि डबा पुढे सरकवतात.

इथे म्हणजे जर्मनीच्या नैऋत्येला, श्वाबियात. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. आमच्या घरमालकिणीची आई वरच्या मजल्यावर असते आणि सगळी बिल्डिंग तिला ‘ओमा’ म्हणते, आजी. जर्मनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची भानगड मोठी. पण पहिल्याच हिवाळ्यात तिने सांगितलं, मला ‘डू’ म्हण, तेव्हापासून ती माझ्यासाठी एकेरी. आपणही आजीला ‘अगं आजी’च म्हणतो की.

नोव्हेंबरच्या शेवटी इथल्या घरांत जे चालतं ते आपल्या फराळासारखंच. नाताळच्या बिस्किटांना श्वाबियात ‘गुट्स्ले’ म्हणतात. पाच-सहा प्रकार होतात, डबे भरतात, ताटल्या शेजारी जातात आणि कुणाचं काय बिघडलं याची चर्चा जानेवारीपर्यंत पुरते. त्यात श्प्रिंगर्लेचं स्थान आपल्या अनारशाचं. साहित्य चिमूटभर, नखरे पोतंभर. अनारसा खसखशीवर थापतात, हे बडीशेपेवर ठेवतात. अनारशाला जाळी हवी, याला पाय हवेत. आणि दोन्ही घाईला फसतात. ओमा याला ‘नो नेट हुडला’ म्हणते. म्हणजे कर, पण धांदल नको.

पहिल्या वर्षी मी धांदल केली. रात्रभर वाळवायचं सोडून चार तासांनी ट्रे आत सरकवला. गुलाबाचं सुरेख उमटलेलं फूल दहा मिनिटांत फुटक्या भाकरीसारखं झालं. आमच्या सातारच्या घरी अनारसा तुपात विरघळला की ‘हसला’ म्हणतात. माझे तर सगळे खो-खो हसले होते.

तर कृती. पहिल्यांदा करताना निम्म्या मापाने करा; खाली दिलंय ते निम्मंच माप आहे, त्यात २५-३० बिस्किटं होतात (साच्याच्या आकारावर कमी-जास्त).

अंडी २, फ्रिजबाहेर दोन तास ठेवलेली. टरफलाशिवाय १०० ग्रॅम भरायला हवीत. भारतातली अंडी बरेचदा लहान असतात, तेव्हा वजन करा आणि कमी पडलं तर तिसऱ्या अंड्यातलं थोडं फेटून घाला.
पिठीसाखर २५० ग्रॅम, चाळलेली.
मैदा २५० ग्रॅम, चाळलेला; लाटताना लागेल तो वेगळा.
ॲनिसचे (विलायती बडीशेपेचे) दाणे दोन मोठे चमचे.
किर्श, म्हणजे चेरीची दारू, एक छोटा चमचा. नको असेल तर तेवढंच दूध.
हिर्शहॉर्नझाल्त्स अगदी चिमूटभर, सुरीच्या टोकावर मावेल इतकं.
मीठ चिमूटभर.

लोणी नाही, तूप नाही, बेकिंग पावडर नाही. मोहन नसलेलं बिस्किट कडक होणार हे आपल्या लक्षात येतंच. ते तसंच हवं. त्याचं पुढे काय करायचं ते सांगतेच.

या हिर्शहॉर्नझाल्त्सबद्दल थोडं. शब्दाचा अर्थ ‘हरणाच्या शिंगाचं मीठ’. पूर्वी ते खरंच शिंगं जाळून काढत. आता ते कारखान्यात बनतं आणि नाताळच्या दिवसांत इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात छोट्या पुड्यांत मिळतं. भारतात बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘अमोनिया’ म्हणून मागा, खाण्याचा आहे ना ते विचारून घ्या. नवसागर घेऊन येऊ नका, ती वेगळी वस्तू. तापल्यावर या मिठाचा वायू होतो आणि पीठ वर उचललं जातं. भाजताना ओव्हन उघडलं की नाकात झणझणीत भपकारा जातो, तेव्हा तोंड बाजूला धरा. पातळ, कोरड्या बिस्किटातून तो वास पूर्ण उडून जातो. जाड केकमध्ये तो अडकून बसला असता, म्हणून केकमध्ये हे कधी घालत नाहीत. कच्चं पीठ मात्र चाखू नका, मुलांनाही चाखू देऊ नका. अंडंही कच्चं आहेच. न मिळाल्यास सरळ वगळा. नीट फेटलेल्या अंड्यातली हवा बहुतेक काम करते, पाय जरा आखूड येतात एवढंच.

आता ॲनिस. आपल्याकडे मराठीत सगळ्याला बडीशेप म्हणून मोकळे होतात, पण ॲनिस ही वेगळी वनस्पती. दाणा बडीशेपेहून बारीक, मळकट हिरवा, टोकाला कधी कधी काडी चिकटलेली. चव जास्त गोड आणि जिभेवर जास्त वेळ रेंगाळणारी. दोन्ही एकाच कुळातल्या, धने-जिरे-ओव्याच्या, आणि दोन्हींचा वास ॲनेथॉल या एकाच द्रव्यामुळे. चक्रफूल त्यांचं कोणी नाही, तरी त्यातही ॲनेथॉलच असतं. पुण्या-मुंबईच्या मसाल्याच्या दुकानात ‘विलायती बडीशेप’ म्हणून विचारून बघा. नाहीच मिळाली तर बारीक लखनवी बडीशेप घ्या, चालेल. बाळंतशेप मात्र नको. ती शेपूची बी, कडवट लागते. मी एकदा आईला फोनवर ‘बारीक शेप’ एवढंच सांगितलं आणि तिने नेमकी तीच वापरली.

दाणे घेतले की कोरड्या तव्यावर मंद आचेवर अर्धा-एक मिनिट हलवा. वास सुटला की उतरवा. रंग बदलला तर उशीर झाला. ओमाच्या घरी बडीशेप पिठात घालत नाहीत, फक्त खाली पसरतात. काही घरांत वाटून पिठातही घालतात. मला ओमाची पद्धत पटते. पांढऱ्या चित्रात काळे ठिपके दिसत नाहीत आणि दाणा थेट जिभेखाली येतो.

साचा

श्प्रिंगर्लेचा साचा म्हणजे लाकडी ठोकळा, त्यात उलटं कोरलेलं चित्र. त्याला ‘मोडेल’ म्हणतात. चांगला साचा पेअरच्या लाकडाचा, कारण ते लाकूड घट्ट, बारीक पोताचं. बारीक रेषही तुटत नाही. फार जुना प्रकार आहे हा. स्वित्झर्लंडमधला चौदाव्या शतकातला एक साचा झ्युरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चित्रं धार्मिक असत, पुढे घोडेस्वार, फुलं, पक्षी, प्रेमाचे बदाम असं सगळं आलं. ‘श्प्रिंगर्ले’ या नावाचेही दोन अर्थ सांगतात. एक, ओव्हनमध्ये उडी मारतं म्हणून. दुसरा, जुन्या साच्यांवरचा उड्या मारणारा घोडा. मला पहिला बरा वाटतो, कारण ती उडी दरवर्षी डोळ्यांनी दिसते.

स्टुटगार्टच्या नाताळ बाजारात (त्याची कागदोपत्री पहिली नोंद १६९२ची) साच्यांचे ठेले असतात. हाताने कोरलेला साचा महाग. राळेपासून ओतलेल्या प्रतिकृती त्यामानाने स्वस्त आणि शिकणाऱ्याला उत्तम. भारतात असाल तर पेढ्यावर उठवायचा लाकडी छाप किंवा बंगाली संदेशचा उथळ साचा चालतो. कापडावर छपाई करायचे ठसे वापरू नका, त्यात रंग मुरलेला असतो.

खरेदी करताना एकच बघा, कोरीव काम उथळ आणि स्वच्छ हवं. खोल साच्यातलं चित्र जाड उठतं, वाळायला दुप्पट वेळ घेतं आणि नवशिक्याचा तिथेच विरस होतो. साचा पाण्याने धुवायचा नाही, लाकूड चिरतं. कोरड्या मऊ टूथब्रशने घासायचा, बस्स.

पहिली संध्याकाळ: फेटणं आणि मळणं

अंडी आणि मीठ फेटायला घ्या. फेस आला की पिठीसाखर चमच्या-चमच्याने घाला. मशीनने दहा ते पंधरा मिनिटं. ओमाच्या लहानपणी हे हाताने होई, घड्याळ लावून अर्धा तास, आणि घरातली मुलं आळीपाळीने हात द्यायची. मिश्रण पांढरट, दाट, मलईसारखं झालं पाहिजे. चमच्यातून धार सोडली तर ती क्षणभर वर तशीच दिसली पाहिजे. चिमटीत घेऊन चोळा, साखर खरखरली तर अजून फेटा. या टप्प्यावर हात आखडता घेतला तर पुढे काहीही करून पाय येत नाहीत.

अमोनिया किर्शमध्ये किंवा दुधात विरघळवून घाला. मग मैदा तीन हप्त्यांत मिसळा. पहिले दोन चमच्याने हलक्या हाताने, तिसरा ओट्यावर, हाताने. गोळा मऊ आणि किंचित चिकट लागेल. करंजीच्या पिठापेक्षा सैल, पण बोटाला लगदा चिकटून येऊ नये. लगेच मैदा ओतत सुटू नका, रात्रभरात तो घट्ट होतो. गोळा घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि झोपा.

दुसरा दिवस: लाटणं, ठसा, वाळवण

ट्रेवर बेकिंग पेपर घालून भाजलेली बडीशेप पसरून ठेवा. हे आधी करा. ठसे उठवून झाल्यावर बडीशेप शोधत बसलात तर चित्रं मरगळतात.

निम्मा गोळा घ्या, उरलेला झाकून ठेवा, नाहीतर त्याला साय धरते आणि ती साय चित्रात भेगा पाडते. पाऊण सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर जाडीचं लाटा. जाडी सगळीकडे सारखी हवी, इथे तडजोड नाही. ओमा पोळीच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवते आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवते. मी फूटपट्ट्या एकावर एक चिकटवून तेच केलं. एका बाजूला जाड राहिलं तर बिस्किट तिकडे जास्त चढतं आणि पिसाच्या मनोऱ्यासारखं कलतं.

पोळीवर तळहाताने मैद्याचा अगदी पातळ हात फिरवा, रांगोळी घालण्याआधी अंगण सारवतो तसा सपाट, कोरडा पृष्ठभाग व्हायला हवा. साच्यालाही ब्रशने मैदा लावून उलटा आपटून झटका. मग साचा सरळ खाली दाबा. हलवायचा नाही, वळवायचा नाही. दोन्ही तळहातांचं वजन मधोमध. उचलून बघा. रेषा बुजक्या वाटल्या तर मोडून पुन्हा लाटा, दुसऱ्यांदा त्याच जागी दाबू नका. ठसा दुहेरी उठतो.

कापायला करंजीचं कातणं घ्या. माझ्याकडे सातारहून आणलेलं पितळेचं आहे. ओमाने ते पाहिलं, दोनदा टेबलावर फिरवलं आणि आता दर डिसेंबरला ते आठ दिवस वरच्या मजल्यावरच असतं.

कापलेले तुकडे बडीशेपेवर ठेवा, अलगद टेकवा म्हणजे दाणे खाली चिकटतील. आता २४ तास हात लावायचा नाही. साधारण २० अंशांची, कोरडी, वारा न लागणारी जागा हवी. खिडकीतून झोत आला की एक बाजू आधी वाळते आणि पाय एकाच बाजूला फुटतात.

हे वाळवण कशासाठी? वरच्या अंगाला कडक साल धरावी आणि खालचं अंग ओलसर राहावं म्हणून. भाजताना आतली हवा आणि वाफ फुगते. वर झाकण बंद असतं, त्यामुळे ती खालून वाट काढते आणि अख्खं झाकण उचलते. सालच धरली नसेल तर ती वरून फुटते आणि चित्र जातं. तेव्हा घड्याळापेक्षा बोटाचं ऐका. वरचा भाग खडूसारखा पांढरा आणि कोरडा लागला पाहिजे. चित्राच्या खोलगट भागात अजून गारवा जाणवला तर आणखी सहा-आठ तास थांबा.

भारतात करणाऱ्यांसाठी इथे खरी अडचण आहे. मी एकदा जुलैत सातारला असताना उत्साहाने ट्रे मांडला. बाहेर संततधार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही बिस्किटं बोटाला चिकटत होती. कच्चं अंडं दमट हवेत इतका वेळ ठेवणं बरं नव्हे, सगळं टाकून दिलं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात या वाटेला जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, सातारा इथली कोरडी थंडी याला अगदी योग्य. मुंबईकरांनी एसीच्या खोलीत, ड्राय मोड लावून आणि थेट झोतापासून दूर ठेवावं. पंख्याखाली नको.

तिसरा दिवस: भाजणं

ओव्हन १५० अंशांवर तापवा, खाली-वर दोन्ही आच, पंखा बंद. ट्रे खालच्या खणात. वरच्या खणात एक रिकामा ट्रे सरकवून ठेवा, म्हणजे वरची आच थेट बसत नाही आणि चित्र पांढरं राहतं. लहान ओटीजी असेल तर वर फॉइलचा पत्रा आडवा धरावा लागेल.

आत ठेवण्याआधी प्रत्येक बिस्किट उचलून त्याचा तळ ओलसर फडक्यावर नुसता टेकवा आणि परत ठेवा. तळ फार वाळला असेल तर तो ट्रेला धरून बसतो आणि पाय फुटत नाहीत. ओलाव्याने तो सुटतो. चिंब नको, पोस्टाच्या तिकिटाला लावतो तेवढंच पाणी.

पहिल्यांदा दोनच बिस्किटं भाजून बघा. प्रत्येक ओव्हन वेगळं आणि अख्खा घाणा पणाला लावण्यात अर्थ नाही. पंधरा ते वीस मिनिटं लागतात. पाय फिकट सोनेरी, तळ किंचित बदामी, वरचा भाग पांढरा, की काढा. वर पिवळसर झाक आली तर पुढच्या वेळी दहा अंश कमी करा. चित्राला भेग गेली तर वाळवण कमी पडलं किंवा आच जास्त झाली. पाय आलेच नाहीत तर फेटणं आठवून बघा, बहुतेक तिथेच चूक असते. तिरके पाय आले तर पोळीची जाडी किंवा खिडकीचा वारा.

अंडं न खाणारे विचारतात, याला पर्याय काय? खरं सांगायचं तर नाही. फेटलेलं अंडं हाच इथला सांगाडा. अळशीचं पाणी वगैरे घालून काहीतरी बिस्किट होईल, श्प्रिंगर्ले होणार नाही. त्यापेक्षा बडीशेप घालून नानकटाई करा, ती छान लागते.

डब्यातले तीन आठवडे

ओव्हनमधून काढलेलं श्प्रिंगर्ले गार झाल्यावर दगड होतं. घाबरून पाककृतीला शिव्या घालू नका. पत्र्याच्या डब्यात भरा, खालचा कागद आणि सांडलेली बडीशेपही त्यातच टाका. झाकण थोडं सैल ठेवून डबा गार, किंचित दमट जागी ठेवा. इथे तळघर असतं, आमच्याकडे बाल्कनी. हवा फार कोरडी असेल तर डब्यात वाटीत सफरचंदाची फोड ठेवा, ती बिस्किटांना टेकता कामा नये. दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी येते. दोन-तीन आठवड्यांत बिस्किट हवेतला ओलावा धरतं, आतून मऊ होतं आणि बडीशेपेचा वास दाण्यातून वर चढतो. म्हणूनच नाताळच्या आधी चार रविवारांचा ‘ॲडव्हेंट’ सुरू झाला की सगळ्यात आधी हेच करतात. बाकीची गुट्स्ले नंतर.

ओमा एक बिस्किट टेबलाच्या कडेवर हळूच आपटून बघते. ‘टक’ असा कोरडा आवाज आला की डबा परत बंद. आवाज बसका झाला की खायला तयार. तिला स्वतःला मात्र कडकच आवडतं, कॉफीत बुडवून.

कडक असतानाच हे प्रवासालाही चांगलं. गेल्या वर्षी मी भाजल्याच्या चौथ्या दिवशी एक डबा कापसात गुंडाळून सातारला पाठवला. एकाचाही तुकडा पडला नाही. आईने व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर पहिलं उचललं, चष्मा लावून वरचं फूल पाहिलं, मग उलटं करून पाय पाहिले. चहात बुडवून खाल्लं. थोडा वेळ काहीच बोलली नाही.

“चांगलंय,” म्हणाली. “पण एवढी जाळी आणलीस ती खाली कशाला गं? वर असती तर दिसली असती.”